एकाच वाइसबिअरला ४१ आणि २७: गुण कशाच्या आधारावर द्यायचे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळ पुण्याचे, आता अमेरिकेत राहता आणि घरी बिअर बनवणाऱ्यांच्या एका क्लबात परीक्षक होण्याचा सराव सुरू केला आहे. परवाच्या सरावाला चार बिअर होत्या. क्रम असा होता: वाइसबिअर (जर्मन गव्हाची बिअर), हेझी आयपीए (हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या, दरवळाची गढूळ बिअर), स्वीट स्टाउट (गोडसर काळी बिअर) आणि शेवटी आयरिश स्टाउट (कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, काळी बिअर). वाइसबिअर तुम्हाला ‘अगदी शिकरणासारखी, गोड आणि मऊ’ लागली आणि तुम्ही ५० पैकी ४१ दिले. शेजारी बसलेल्या अनुभवी परीक्षकांनी २७ दिले आणि लिहिले, ‘लवंग नाही, लोण्याचा वास, कार्बोनेशन (बुडबुडे) कमी.’ आयरिश स्टाउटला नेमके उलटे झाले, तुमचे २४ आणि त्यांचे ३७. तेव्हा चव ज्याची त्याची असेल तर गुण द्यायचे कशाच्या आधारावर, आणि दोघांत चुकले कोण, असे तुम्ही विचारता. शिवाय ग्लास कोमट होत गेला तसा वास बदलला, तर दिलेले गुण बदलायचे का, हेही विचारले आहे.

चुकले कोण हा प्रश्न जरा बाजूला ठेवू, कारण तुम्ही दोघांनी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे लिहिली आहेत. तुम्ही लिहिले ‘मला किती आवडली’ याचे उत्तर. त्यांनी लिहिले ‘बाटली ज्या नावाने पाठवली त्या नावाला ती किती जागते’ याचे. पुरणपोळीच्या स्पर्धेत कोणी अप्रतिम गुळपोळी पाठवली तर ती आपण आवडीने खाऊ, करणारीचे कौतुकही करू, पण पुरणपोळी म्हणून तिला पहिला नंबर देता येणार नाही. बिअरच्या परीक्षणात प्रत्येक बाटली कोणत्या ना कोणत्या शैलीच्या नावाखाली येते आणि तुमच्या हातात त्या शैलीचे वर्णन असते. तुमचा क्लब बहुधा बीजेसीपीचे वर्णन वापरत असणार. ही परीक्षकांना प्रमाणित करणारी संस्था १९८५ पासून आहे आणि तिच्या शैलीवर्णनाची २०२१ ची आवृत्ती सध्या सगळीकडे चालते. त्या पानावरच्या ओळी हीच तुमची मोजपट्टी. आवडनिवड पूर्ण बाद होत नाही, तिला शेवटच्या १० गुणांत जागा आहे, पण ती शेवटी येते.

आता तुमचे ४१ गुण उघडून बघू. कागदावर पाच रकाने असतात. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५ आणि एकूण परिणामाला १०. तुम्ही अनुक्रमे १०, ३, १७, ४ आणि ७ दिलेत. म्हणजे वास आणि चव तुम्हाला जवळजवळ निर्दोष वाटली.

वाइसबिअर ही बव्हेरियाची. तिच्यात किमान निम्मा गहू, तोही मोड आणून वाळवलेला, म्हणजे माल्ट. नाचणीचे सत्त्व करताना आपण मोड आणतो तीच क्रिया, फक्त धान्य वेगळे. कडूपणा अगदी कमी, ८ ते १५ आयबीयू (कडूपणा मोजायचे एकक), आणि अल्कोहोल ४.३ ते ५.६ टक्के. तिची खरी ओळख मात्र यीस्टची आहे. आयसोअमिल ॲसिटेट नावाच्या एस्टरमुळे केळे येते आणि फोर-व्हिनाइल ग्वायकॉल नावाच्या फिनॉलमुळे लवंग. बाहेरून ना केळे घातलेले असते ना लवंग. वर्णनात दोन्ही मध्यम ते ठळक असावेत असे म्हटले आहे. कमीजास्त चालते, पण एक पूर्ण गायब असेल तर जोडी मोडली. पोत हलका, फुललेला हवा आणि बुडबुड्यांचा जोर भरपूर हवा, साधारण ३ ते ४ व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या तितके पट वायू. त्या जोरामुळेच गव्हाचा गोडवा जिभेवर साचत नाही आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो.

तुमचाच शब्द घ्या, शिकरण. शिकरणात काय असते? पिकलेले केळे, दूध, साखर. लवंग नाही, बुडबुडे नाहीत, आणि दुधाची साय आहे. तुमच्या जिभेने बिअरचे वर्णन अगदी नेमके केले होते, त्या वर्णनातून निघणारा निष्कर्ष तेवढा तुम्ही काढला नाही. ‘मऊ, सायीसारखे’ जे वाटले त्यात एक भाग कमी कार्बोनेशनचा आणि दुसरा भाग डायअसिटिलचा असावा. डायअसिटिल म्हणजे लोणी, बटरस्कॉच, थिएटरातल्या पॉपकॉर्नचा वास. कमी प्रमाणात तो वास म्हणून ओळखूही येत नाही, फक्त जिभेवर एक तेलकट, गुळगुळीत थर बसल्यासारखे होते. ताज्या लोण्याचा वास आपल्याला लहानपणापासून प्रिय, त्यामुळे हा दोष आपल्याकडच्या माणसाला दोष वाटायला वेळ लागतो. वाइसबिअरमध्ये त्याला जागा नाही. चेक पिल्सनरमध्ये मात्र तो किंचित असला तर चालतो, म्हणून ‘लोण्याचा वास आला की गुण कापा’ असा सरसकट नियम करू नका.

तुम्ही दोघांनी जे लिहिले ते सगळे खरे धरले तर माझा कागद साधारण असा झाला असता: वास ७, रूप २, चव ११, जाणीव २, एकूण ६, म्हणजे २८. बीजेसीपीच्या पट्ट्यांत २१ ते २९ म्हणजे ‘चांगली’, ३० ते ३७ ‘खूप चांगली’, ३८ ते ४४ ‘उत्कृष्ट’ आणि ४५ पासून पुढे ‘असामान्य’. ४१ लिहिताना तुम्ही करणाऱ्याला सांगत होता की किरकोळ सुधारणा सोडल्या तर बिअर तयार आहे. लवंगच नसलेल्या वाइसबिअरला तसे सांगता येत नाही.

पण शेजाऱ्यांचे २७ दगडावरची रेघ आहेत असेही नाही. काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात. डायअसिटिल ओळखण्याची क्षमता माणसामाणसांत खूप वेगळी असते. काहींना अगदी थोडे असले तरी कळते, काहींना भरपूर असूनही कळत नाही. फिनॉलचेही तसेच. म्हणजे लवंग होती आणि त्यांना कळली नाही, हे शक्य आहे. बाटली किती थंड होती हाही प्रश्न आहेच, कारण ४ अंशांवर लवंग दबते आणि १० अंशांवर वर येते. एका बाटलीत बुडबुडे कमी आणि दुसरीत नीट, हे घरी भरलेल्या बाटल्यांत नेहमी होते. म्हणून एवढा फरक पडला की दुसरी बाटली मागवावी आणि दोघांनी पुन्हा वास घ्यावा.

स्टाउटमध्ये मुख्य दोष क्रमाचा होता, तुमचा थोडाच. स्वीट स्टाउटमध्ये लॅक्टोज असते, म्हणजे दुधातली साखर. ती यीस्टला पचत नाही, त्यामुळे गोडवा तसाच राहतो. त्यावर लगेच आयरिश स्टाउट आली. बासुंदीवर कोरी कॉफी प्यायल्यासारखेच ते, कॉफी कितीही उत्तम असली तरी कडू आणि पातळच लागणार. आयरिश स्टाउट मुळात कोरडीच असते. साधारण ४ ते ५ टक्के अल्कोहोल, २५ ते ४५ आयबीयू, आणि भाजलेल्या बार्लीचा कॉफीसारखा खरपूसपणा. तुमच्या कागदावर ‘कडवट, कोरडी, कॉफीच्या चोथ्यासारखी’ आहे. यातले पहिले दोन शब्द त्या शैलीत गुण वाढवतात. तिसऱ्या शब्दावर थांबायला हवे होते. खरपूस आणि करपट यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. खमंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळचा कडूपणा असेल तर तो खरपूस. जळक्या भाकरीचा, राखेचा, घशाला ओरबाडणारा असेल तर करपट, आणि मग गुण जातात. चोथ्यासारखी म्हणजे यांपैकी कोणती हे कागदावर आले नाही, म्हणून २४ ला आधार राहिला नाही.

क्रम लावताना हलकी ते जड, कमी कडू ते जास्त कडू, कोरडी ते गोड, असे जावे. आंबट आणि धुरकट सगळ्यांत शेवटी. रंगावर जाऊ नका. जर्मन श्वार्त्सबिअर काळी दिसते पण ५ टक्क्यांच्या आतबाहेरची, स्वच्छ आणि हलकी लागर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) असते. बेल्जियन ट्रिपेल सोनेरी दिसते आणि ९ टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते. चौघींपैकी माझा क्रम वाइसबिअर, आयरिश स्टाउट, स्वीट स्टाउट आणि मग हेझी आयपीए असा राहिला असता, कारण आयपीएचे हॉप्स जिभेवर बराच वेळ बसून राहतात.

आता प्रत्यक्ष ग्लास हातात आल्यावर काय करायचे ते सांगतो. हा भाग सावकाश वाचा, कारण गुणांतले बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतात.

ग्लास धुतलेला हवा आणि साबणाचा अंश नको. साबण किंवा तेल राहिले तर फेस लगेच बसतो आणि ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहतात. ते दिसले की फेसाबद्दल एक शब्दही लिहू नका, ग्लास बदलून घ्या. ओतायची साधारण ६० ते ९० मिलिलिटर, ग्लासचा तिसरा भाग भरेल एवढीच. वरची मोकळी जागा वासासाठी लागते. ओतल्या ओतल्या ग्लास नाकापासून वीतभर लांब धरून एकदा पुढून फिरवा. गंधकाचे, उकडलेल्या मक्याच्या कणसाचे हलके वास पहिल्या अर्ध्या मिनिटात येतात आणि उडून जातात, नंतर शोधून सापडत नाहीत. मग ग्लासवर तळहात ठेवा, दोनतीनदा गोल फिरवा, हात काढा आणि दोन-तीन छोटे हुंगे घ्या. शेवटी एक लांब. यापेक्षा जास्त वेळ नाक खुपसून बसू नका. त्याच त्या वासाला नाक काही सेकंदांत सरावते आणि मग काहीच येत नाही. तसे झाले तर स्वतःच्या कोपराची आतली बाजू हुंगा. परक्या वासातून घरच्या वासात आल्यावर नाक पुन्हा ताळ्यावर येते. त्या दिवशी अत्तर, सुगंधी तेल, वासाचा साबण काहीही नको, आणि ज्या खोलीत उदबत्ती लावली आहे तिथे तर परीक्षण करूच नका.

पहिला घोट घेण्याआधी वासाबद्दल लिहून टाका. हे मी प्रत्येक नवशिक्याकडून करून घेतो, कारण एकदा चव कळली की माणूस चवीतले गोडकडू वासाच्या रकान्यात घुसवतो. मग रंग, स्वच्छपणा, फेस बघा. त्याला तीनच गुण आहेत, वेळही तेवढाच द्या. मग १५-२० मिलिलिटरचा घोट, जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळा, तोंड बंद ठेवा आणि श्वास नाकातून सोडा. घशामागून नाकात जाणारा हा उलटा वास म्हणजेच ज्याला आपण चव म्हणतो त्याचा मोठा भाग. लवंग, लोणी, ओला पुठ्ठा इथे स्पष्ट होतात. वाइन थुंकतात तशी बिअर थुंकू नका. कडूपणा गिळल्यानंतर मागे किती वेळ रेंगाळतो हे गुणांचा भाग आहे. त्यामुळे घोट लहान ठेवा. ६० मिलिलिटरच्या दहा बिअर म्हणजे ६०० मिलिलिटर होतात, आणि त्यांत स्ट्राँग असतील तर परत जाताना गाडी दुसऱ्याने चालवावी. मध्ये साधे पाणी आणि बिनमिठाचा पाव. मसाला शेंगदाणे बिअरबरोबर कितीही गोड लागोत, परीक्षणाच्या टेबलावर नकोत. मीठ कडूपणा दाबते, तेल फेस मारते आणि तिखटाने जीभ अर्धा तास कामातून जाते.

गोडवा आणि कडूपणा कधीही एकेकटा मोजू नका. ४० आयबीयूची बिअर कडू की नाही हे तिच्यात माल्टची साखर किती होती यावर ठरते. १.०४० मूळ घनतेच्या (आंबवण्याआधी रसात किती साखर होती ते दाखवणारा आकडा) बिअरला ४० आयबीयू म्हणजे ठसठशीत कडू, १.०९० च्या बिअरला तेच ४० कुठे गेले कळणार नाहीत. म्हणून ‘कडू आहे’ असे न लिहिता ‘माल्टपेक्षा कडूपणा वर आहे आणि गिळल्यावर अमुक वेळ टिकतो’ असे लिहा.

शब्दांबद्दल तुम्ही विचारले नाही, पण तुमच्या कागदावर ‘छान’, ‘मस्त’, ‘जरा जास्त’ हे शब्द वारंवार आले आहेत, म्हणून सांगतो. विचार मराठीत करा. कागद इंग्रजीत भरायचा असला तरी मनातला पहिला शब्द मराठी असू द्या, कारण वासाचे आणि चवीचे इतके बारीक शब्द आपल्याकडे आहेत की ते वाया घालवणे चूक ठरेल. आंबूस म्हणजे पीठ आंबल्याचा वास, आंबट ही चव; दोन्ही वेगळे रकाने. कुबट म्हणजे ओल लागलेल्या कपाटाचा वास; तो आला तर बाटलीच्या बुचाचा किंवा दमट ठेवलेल्या धान्याचा संशय घ्यावा. खवट म्हणजे जुने तेल, जुने खोबरे. तुरट म्हणजे कच्चे जांभूळ, सुपारी, जास्त उकळलेला कोरा चहा. तुरटपणा ही चव नाही, जीभ आखडल्याची जाणीव आहे, म्हणून तो तोंडातल्या जाणिवेच्या पाच गुणांत जातो. नवशिके त्याला सर्रास कडूपणा म्हणतात. ओळखायची खूण अशी की कारल्याचा कडूपणा जिभेच्या मागे बसतो, आणि सुपारीचा तुरटपणा गालांना आतून ओढतो. कडूपणा बहुतेक हॉप्सचा असतो, तर तुरटपणा बऱ्याचदा धान्याच्या फोलातून येतो, गाळताना फार गरम पाण्याने फार वेळ धुतल्यामुळे. करणाऱ्याला या दोन वेगळ्या दुरुस्त्या सांगाव्या लागतात. तुम्ही शब्द चुकलात तर तो पुढच्या वेळी हॉप्स कमी करेल आणि बिअर तशीच तुरट राहील.

दोष ओळखायला तयार नमुन्यांच्या कुप्या मिळतात, पण महाग पडतात. घरी बरेच जमते. साधी, फिकट, वासाला फारशी नसलेली लागर घ्या, ३५० मिलिलिटरची. ८ लवंगा ९० मिलिलिटर बिअरमध्ये काही तास भिजवा आणि त्यातले चार चमचे बाटलीभर लागरीत मिसळा, म्हणजे लवंगेचा फिनॉल कसा वर येतो ते कळेल. दुसऱ्या ग्लासात बेकरीच्या बटर इसेन्सचे एक-दोन थेंब. तिसऱ्यात पाऊण चमचा पांढरे व्हिनेगर, म्हणजे ॲसेटिक आंबटपणा; तो ताकाच्या, म्हणजे लॅक्टिक आंबटपणापेक्षा कसा टोचतो ते बघा. चौथ्यात डब्यातल्या स्वीट कॉर्नचे पाणी चमचाभर, हा डीएमएसच्या (डायमिथाइल सल्फाइड या गंधकयुक्त द्रव्याच्या) जवळचा वास. फिकट पिल्सनर माल्ट झाकण ठेवून किंवा कमी वेळ उकळले की हा येतो, म्हणून असे माल्ट ९० मिनिटे उघडे उकळायची पद्धत आहे. ओला पुठ्ठा शिकायचा तर अर्धी बाटली पुन्हा बूच लावून दोन-तीन दिवस उबदार जागी ठेवा. आणि उन्हाचा दोष तर फुकट शिकता येतो. पारदर्शक ग्लासात थोडी लागर खिडकीत कडक उन्हात ठेवा, तेवढीच आत अंधारात. पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हुंगा. उन्हातल्या ग्लासातून जो उग्र, जळक्या रबरासारखा वास येतो तो हॉप्सच्या कडू द्रव्यावर प्रकाश पडून तयार झालेला असतो. हिरव्या आणि पारदर्शक बाटल्या हा प्रकाश अडवत नाहीत, तपकिरी बऱ्याच अंशी अडवतात.

हे सगळे शिकून झाल्यावर एक सवय मोडावी लागते. दोष शिकलेला माणूस पुढचे सहा महिने प्रत्येक ग्लासात दोषच शोधतो. तेव्हा तोच वास कुठे शोभतो हे शैलीच्या पानावर पाहिल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. केळ्याचेच घ्या. वाइसबिअरमध्ये ते हवेच. बेल्जियमची विटबिअर, जी पिएर सेलिस यांनी १९६० च्या दशकात होगार्डन गावात पुन्हा जिवंत केली, तिच्यात कच्चा गहू, धणे आणि संत्र्याची साल असते. केळे पुढे आले तर धण्याला झाकते. अमेरिकन व्हीट बिअरमध्ये यीस्ट स्वच्छ हवे, तिथे केळे आले की गुण गेले. पुण्या-मुंबईच्या टॅपरूममध्ये फळ्यावर नुसते ‘व्हीट’ लिहिलेले असेल तर यांपैकी कोणती हे विचारून मगच मत बनवा. गढूळपणाही तसाच. वाइसबिअर आणि हेझी आयपीए गढूळच हवी. जर्मन पिल्सनर काचेसारखी हवी. अमेरिकन आयपीए बऱ्यापैकी स्वच्छ हवी, पण ड्राय हॉपिंगमुळे (उकळल्यानंतर, थंड बिअरमध्ये हॉप्स घातल्यामुळे) किंचित धूसर असली तर मी गुण कापत नाही.

हेझी आयपीए तुम्ही दोघांनीही जवळजवळ सारखे गुण देऊन सोडून दिली, पण ही शैली सर्वांत लवकर बिघडते, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द. आंबा, पपनस, मोसंबीच्या सालीचा दरवळ ओतताच यायला हवा. तो मंद असेल, रंग फिकट पिवळ्याऐवजी करडा-तपकिरी झाला असेल आणि मागे मधासारखा गोडवा उरत असेल, तर भरताना हवा लागली. वास भरपूर पण गिळल्यावर घशात हिरव्या मिरचीच्या देठासारखे खाजरे काही टोचत असेल, तर हॉप्सचे कण अजून खाली बसले नाहीत; आठवडाभर थंडीत ठेवले तर बहुधा सुधारते. कांदा-लसणाचा वास काही हॉप्सचा स्वभावच असतो, थोडा असेल तर तो दोष धरू नका.

आता गुण. आधी सगळे शब्द, मग आकडे. प्रत्येक रकान्यात वर्णन लिहून झाल्यावर आकडे टाका, बेरीज करा, आणि मग स्वतःला विचारा की ही बेरीज ज्या पट्टीत पडते त्या पट्टीचे नाव या बिअरला शोभते का. ३८ आले, पण मन म्हणते की ‘उत्कृष्ट’ म्हणवत नाही, तर कुठल्या तरी रकान्यात उदारपणा झाला आहे. बहुतेक वेळा तो चवीच्या २० मध्ये असतो. शेजाऱ्याशी बोलायचे ते दोघांचे आकडे पडल्यानंतरच, नाहीतर मोठ्या आवाजाच्या माणसाचे गुण टेबलभर पसरतात. दोघांत ७ पेक्षा जास्त फरक असला तर बोलून जवळ यायचे. जवळ येणे म्हणजे मधला आकडा काढणे नव्हे. तुमच्या १४ च्या फरकात योग्य संवाद असा झाला असता. त्यांनी म्हणावे, ‘मला लोणी येतेय, तुम्हाला?’ तुम्ही पुन्हा हुंगावे, आले तर मान्य करावे, नाही आले तर ‘मला येत नाही, पण जिभेवर तेलकट थर आहे’ असे सांगावे. आणि तुम्हीही विचारावे, ‘केळे चांगले ठळक आहे, त्याचे गुण तुम्ही दिलेत का?’ कारण २७ देणाऱ्याच्या कागदावर चांगल्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही, आणि ती त्यांची चूक आहे.

करणाऱ्याने बाटली पाठवली आहे ती सुधारणा कळावी म्हणून. त्या वाइसबिअरच्या कागदावर मी खाली असे लिहिले असते: ‘पिकलेल्या केळ्याचा वास ठळक आणि स्वच्छ, यीस्टची निवड योग्य. लवंग जवळजवळ नाही. माल्ट भिजवताना ४३ ते ४५ अंशांवर १५ मिनिटे थांबून पाहावे, त्याने लवंगेचा कच्चा माल असलेले फेरुलिक ॲसिड सुटते. यीस्ट २० अंशांच्या वर गेले असेल तर खाली १७-१८ ला सुरू करावे. लोण्याचा हलका वास. आंबवण संपल्यावर बाटलीत भरण्याआधी दोन-तीन दिवस जास्त द्यावेत. बुडबुडे कमी, बाटलीतली साखर वाढवावी, पण बाटल्या जाड काचेच्या असतील तरच.’ यात ‘थांबून पाहावे’, ‘असेल तर’ हे शब्द मुद्दाम आहेत. त्याने ती कशी बनवली हे आपण पाहिलेले नाही.

लोण्याबद्दल एक परीक्षा त्याला कळवण्यासारखी आहे. भरण्याआधी थोडी बिअर दोन झाकणाच्या बरण्यांत घ्यायची, एक ६० ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, दुसरी तशीच. मग गरम केलेली थंड करून दोन्ही हुंगायच्या. गरम केलेल्यात लोणी आले आणि दुसऱ्यात नाही, तर बिअरमध्ये डायअसिटिलचा कच्चा माल अजून शिल्लक आहे आणि यीस्टला आणखी वेळ हवा. दोन्हींत आले तरीही वेळच द्यायचा, यीस्ट तेच डायअसिटिल परत खाते. नळाच्या बिअरमध्ये मात्र लोणी आणि आंबूसपणा एकत्र आले तर दोष करणाऱ्याचा नसूही शकतो, न धुतलेल्या पाइपमधले जिवाणू तेच करतात. दर दोन आठवड्यांनी पाइप धुवायचा तो यासाठीच.

राहिला शेवटचा प्रश्न, ग्लास कोमट झाल्यावर गुण बदलायचे का. कागद हातातून सुटेपर्यंत बदला. फ्लाइट, म्हणजे एका फेरीतल्या सगळ्या बिअर, संपली की सगळे ग्लास १०-१२ मिनिटांनी पुन्हा एकदा ओळीने हुंगायचे हा परीक्षणाचाच भाग आहे. वाढलेल्या तापमानात लवंग वर आली तर वासाला एक-दोन गुण वाढवा आणि शेजारी ‘कोमट झाल्यावर’ असे लिहा. लोणी वर आले तर तितकेच कमी करा. मात्र बुडबुडे आणि फेस यांचे गुण पहिल्या ओतणीचेच ठेवा, कारण पाव तासाने सगळ्याच बिअर बसलेल्या असतात. तुमच्या त्या वाइसबिअरचा वास कोमट झाल्यावर नेमका कसा बदलला हे तुम्ही लिहिलेले नाही. लवंग आली असेल तर शेजाऱ्यांचे २७ निदान २८-२९ तरी व्हायला हवे होते. दुसरी बाटली शिल्लक असेल तर १० अंशांवर उघडा आणि दोघांनी एकदमच हुंगा.